बाजीराव रोड : पाट्यांच्या वर काय उरलंय?

कडीपाट

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सकाळी साडेसातला आत्याला घेऊन बाजीराव रोडने चालत गेलो, फुटक्या बुरुजापासून शनिपारापर्यंत. आत्या ८१ वर्षांची आहे, जन्म शनिपाराजवळच्या एका वाड्यातला, लग्न होऊन नागपूरला गेली ती गेलीच, मधे पुण्यात येणं झालं ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या कार्याला, हॉलवर उतरायचं आणि तिथूनच परत स्टेशन. या रस्त्यावर असं निवांत पायी चालणं पन्नासएक वर्षांत झालं नव्हतं. मला वाटलेलं ती म्हणेल की काहीच ओळखू येत नाही. पण ती दुकानांकडे बघतच नव्हती, मान वर करून चालत होती आणि मी तिचा हात धरून. एका जागी थांबली. खाली मोबाईलच्या कव्हरांचं दुकान, शटर बंद, वर मोठा फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या मागून एक लाकडी हस्त (खांबावरचा कोरीव आधार) बाहेर आलेला, त्याचं केळफूल अर्धं तुटलेलं. तिने लगेच सांगितलं की हे अमक्यांचं घर, यांच्या माडीवर आम्ही भोंडल्याला यायचो. खालचा मजला पूर्ण बदलला तरी वरच्या एका लाकडावरून तिला घर सापडलं.

आमचा वाडा मात्र सापडला नाही. म्हणजे जागा सापडली, तिथे आता पाच मजली इमारत आहे, पण ती म्हणते देवडीच (दारातून आत शिरल्यावरची राखणदाराची जागा) इथे, आत्ता आपण उभे आहोत तिथे फुटपाथवर होती, रस्ता एवढा रुंद नव्हताच.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. या रस्त्याचा इतिहास आपण शनिवारवाड्याचा म्हणून वाचतो, विश्रामबागवाड्याचा म्हणून वाचतो, पण मधल्या रस्त्याचा म्हणून कुणी सांगत नाही. रस्ता आधी की वाडे आधी? आणि आज पाट्यांच्या वर नक्की काय काय शिल्लक आहे? ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

उच्छ्वास

फार आवडता विषय काढलात. रस्ता आधी की वाडे आधी, तर माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हीच्या आधी पाणी आणि पेठा.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, खर्च १६,११० रुपये. तेव्हा वस्ती मुख्यतः कसब्याकडे. पेशव्यांचा मुक्काम इथे झाल्यावर कारभारी, सरदार, सावकार, भिक्षुक सगळेच वाड्याच्या दक्षिणेला पसरत गेले. आज आपण सहज बुधवार-शुक्रवार म्हणतो पण ही वारांची नावं पेशवाईतली, त्याआधीची वेगळी होती. शनिवारचं मूर्तझाबाद, शुक्रवारचं विसापूर, रविवारचं मलकापूर, आणि औरंगजेबाचा मुक्काम इथे असताना १७०३ मधे त्याने दिलेलं नाव मुहियाबाद, तीच नंतरची बुधवार पेठ. सदाशिव पेठ तर पानिपतानंतरची, थोरल्या माधवरावांनी १७६९ च्या सुमारास वसवली आणि भाऊसाहेबांचं नाव दिलं.

एवढी वस्ती नदीच्या पाण्यावर भागणं शक्य नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून दगडी नळ आणला. नळ म्हणजे पाईप समजू नका, बऱ्याच ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढं भुयार आहे ते. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे हवा खेळती राहावी आणि दाब साठू नये म्हणून बांधलेले उभे झरोके (माझं नाव तिथूनच घेतलंय). पाणी शेवटी शनिवारवाड्यात, आणि मधे पेठांमधे सार्वजनिक हौद आणि बड्या लोकांच्या वाड्यातले खासगी हौद. नानावाडा, बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबाग हे सगळं वाड्यापासून दक्षिणेकडे ज्या पट्ट्यात येतं तो नकाशावर बघा म्हणजे पाणी आणि वस्ती हातात हात घालून कशी चालली ते दिसेल. आत्याबाईंना विचारा, त्यांच्या वाड्यात हौद होता का आड.

नवखा_पुणेकर

मी मूळचा अकोल्याचा, पुण्यात सहा वर्षं झाली, ऑफिस हिंजवडीला त्यामुळे हा भाग फक्त गणपतीत बघितलाय. दोन शंका आहेत. एक म्हणजे पंप नसताना एवढ्या लांबून पाणी कसं यायचं? आणि दुसरं, वाडा म्हणजे नक्की काय? आमच्याकडेही वाडे आहेत पण ते शेताजवळचे, मोठ्या फाटकाचे, बैलगाडी थेट आत जाते असे. इथे तर वाड्याला वाडा चिकटलेला दिसतो.

उच्छ्वास

फक्त उतारावर. कात्रज उंचावर आहे, शहर खाली नदीकडे उतरतं. सगळी करामत उतार सतत आणि अगदी थोडा ठेवण्यात. गाळ बसायला मधे टाक्या आहेत. वाड्याच्या रचनेबद्दल ओळंबादादांनी लिहावं, त्यांचं रोजचं काम आहे ते.

ओळंबा

लिहितो, जरा लांब होईल. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, अठरा वर्षं झाली, त्यातले निम्मे वाडे आज उभे नाहीत.

पेठेतला वाडा रस्त्याला पाठ करूनच बसलेला असतो असं समजा. बाहेरच्या अंगाला भिंत जाड, खिडक्या थोड्या आणि उंचावर, एक मोठा दरवाजा आणि त्यातच वाकून जायचा दिंडी दरवाजा. आत शिरलं की देवडी, तिथे राखणदार बसायचा, मग चौक. चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी किंवा सोपा, त्यामागे खोल्या, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि मोठा वाडा असेल तर मागे दुसरा चौक, तो बायकांचा, परसू, आड, न्हाणीघर. उजेड, वारा, पावसाचं पाणी सगळं चौकातून येतं. म्हणून वाड्याला वाडा चिकटला तरी अडत नाही, तीन बाजू बंद असल्या तरी घर आतून श्वास घेतं. तुमच्याकडच्या वाड्याला चहूबाजूंनी मोकळी जागा आहे, इथे ती मोकळी जागा घराच्या पोटात घेतली आहे.

बांधणी म्हणाल तर खाली काळ्या घडीव दगडाचं जोतं. बऱ्याचदा तळमजल्याचा दर्शनी भागही दगडी. वर वीट, ती आजच्यासारखी जाड नाही, पातळ चपटी. आणि आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या. पण वजन या भिंतींवर नाहीये, हे लोक विसरतात. वजन सगळं लाकडी सांगाड्यावर आहे, दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणून कडीपाट. त्यावर मातीचा थर आणि वर शेणाने सारवलेली किंवा फरशीची जमीन. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणात, पाच खणी सोपा, सात खणी माडी असं. कारागिराला फुटाची गरजच नव्हती.

खांबांमधे सगळ्यात ओळखीचा सुरूचा खांब, सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा. मधे महिरपी. हस्ताच्या टोकाला केळफूल उलटं लोंबणारं. तुमच्या आत्याने ओळखलं ते हेच, आणि त्यांनी बरोबर ओळखलं कारण प्रत्येक सुताराची केळफुलाची पाकळी वेगळी असते, शेजारशेजारच्या दोन वाड्यांतसुद्धा एकसारखी सापडत नाही.

दगडकामातला चुना घाण्यात मळायचे, गोल चरात दगडी चाक बैल फिरवायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी, ताग असं काय काय घालायचे. तो चुना आज छिन्नीने फोडताना हात भरून येतो. आणि त्याच भिंतीवर कुणीतरी मधे सिमेंटचा गिलावा केलेला असला की तो मागे ओल धरून ठेवतो, आतली माती दरवर्षी थोडी थोडी सैल होते, आणि एक दिवस पोटफुगी येऊन भिंत बाहेर येते. मी पाडापाडी पाहिलेल्या वाड्यांपैकी कितीतरी या चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंटने मेलेत.

पेठेतली_लेक

ओळंबादादा वाचताना आमचा सोपा डोळ्यासमोर आला. पण मला दुसरी बाजूही लिहायचीये, राग मानू नका कुणी.

माझा जन्म अशाच एका वाड्यातला, आम्ही भाडेकरू. मूळ एका घराण्यासाठी बांधलेल्या वाड्यात आम्ही अकरा बिऱ्हाडं होतो, सोप्याला फळ्या ठोकून दोन खोल्या केलेल्या, माजघरात एक बिऱ्हाड, देवडीत शिंप्याचं दुकान. संडास दोन, मागच्या चौकात, पावसाळ्यात छत्री घेऊन जायचं, रात्री आईला उठवायचं. आमच्या डोक्यावरच्या कडीपाटातून माती गळायची म्हणून खाली जुन्या साड्या ताणून बांधलेल्या असायच्या, ताटात माती पडू नये म्हणून. वाडा सुंदर होताच, पण त्याच्या सौंदर्यात राहणं आमच्या आईला फार महाग पडलं.

मालक वाईट होते का तर नाही. भाडं १९४७ च्या कायद्याने बांधलेलं, त्यातही आधार १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा, म्हणजे अकरा बिऱ्हाडांचं मिळून जे यायचं त्यात एका बाजूची कौलं परतून होत नव्हती. ते तरी काय करणार. १९९९ चा नवा कायदा आला तोवर आमचा मागचा चौक पडलेला होता. १९९४ च्या जुलैमधे रात्री पडला, त्या खोलीतले काका-काकू त्या दिवशी लेकीकडे गेलेले म्हणून वाचले. पुढे एका बिल्डरने सगळ्यांना नव्या इमारतीत जागा देतो म्हणून सह्या घेतल्या आणि आम्ही नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली. आई नव्या फ्लॅटमधे फक्त चार महिने राहिली.

म्हणून वाडे पाडले हो, असं कुणी हळहळायला लागलं की माझ्या पोटात तुटतं, दोन्हीकडून. चौकातल्या प्राजक्तासाठी आणि आईसाठी.

कडीपाट

ताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात असायलाच हवं. आत्यानेही तेच सांगितलं, तिच्या आजीचा जन्म गेला त्या अंधाऱ्या माजघरात चुलीपुढे. मी ते आधी लिहायला हवं होतं.

उच्छ्वासराव, आत्याला फोन करून विचारलं, आड होता म्हणाली, हौद समोरच्यांचा आणि तिथलं पाणी गोड म्हणून पिण्याचं तिकडून आणायचे.

विश्रामबागवाड्याबद्दल थोडं लिहितो कारण बाजीराव रोडवर पाट्यांच्या वर जे उरलंय त्यातलं सगळ्यात मोठं तेच. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला, दोन लाखांच्या आसपास खर्च. शनिवारवाड्याला बुरूज आणि तट आहेत, याला नाहीत, हा राहण्याचा वाडा. त्याच्या दर्शनी माडीच्या सज्जाचं लाकूडकाम रस्त्यावरून दिसतं तरी रोज तिथून बसने जाणारी माणसं वर बघत नाहीत, मीही वीस वर्षं बघितलं नव्हतं. १८१७ ला बाजीराव पुणं सोडून गेला, आणि चारच वर्षांत, ६ ऑक्टोबर १८२१ ला एल्फिन्स्टनने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे तिच्या पैशांतून. त्याच पाठशाळेचं पुढे होत होत डेक्कन कॉलेज झालं. नंतर नगरपालिका, महापालिका यांचंही कामकाज बरीच वर्षं इथूनच चालायचं. म्हणजे बाजीराव जेवढा राहिला त्याच्या कितीतरी पट जास्त काळ हा वाडा शाळा आणि कचेरी म्हणून जगलाय.

तिसरी_गल्ली

एक दुरुस्ती, किंवा भर म्हणा. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याची पूर्वेकडची, म्हणजे रस्त्याकडची बाजू जळाली. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे दिवस होते त्यामुळे सरकार फार हादरलेलं. नंतर लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिका आणि सरकारने भर घातली आणि दर्शनी बाजू परत उभी केली.

नवखा_पुणेकर

म्हणजे आपण रस्त्यावरून जे बघतो ते पेशवाईतलं नाहीच? हे वाचून जरा वाईट वाटलं.

ओळंबा

वाईट वाटून घेऊ नका. आत चौकात गेलात तर जुनं भरपूर आहे. आणि पुढची बाजू परत केली ती करणाऱ्या सुतारांच्या आज्या-पणज्यांच्या काळात पेशवाई होती, तोच हात, तीच हत्यारं, तेच सागवान. माझ्या दृष्टीने तर ती बाजू जास्त मोलाची आहे. सत्ता जाऊन साठ वर्षं झालेली, पेशवा परत येणार नव्हता, तरी गावाने आपल्या खिशातून पैसे घालून त्याच धर्तीची माडी उभी केली. तेव्हा रेल्वे येऊन वीस वर्षं झाली होती (पुण्याला पहिली गाडी १८५८ ला आली), ओतीव लोखंडाचे खांब, मंगलोरी कौलं, काचा सगळं बाजारात मिळायला लागलेलं. तरी लाकूड घेतलं.

बाकीच्या रस्त्यावर मात्र रेल्वेने आणलेलं सामान लगेच दिसायला लागतं. वर बघताना एवढंच शोधा, गॅलरीच्या कठड्याला ओतीव लोखंडाची वेलबुट्टीची जाळी असेल तर बहुतेक १८६०-७० नंतरचं काम. खाली सुरूचा खांब आणि वर लोखंडी जाळी असं एकाच घरात दिसलं तर ते घर दोनदा बांधलंय.

मंडईवाला

मंडईचं कुणी काढलं नाही अजून म्हणून लिहितो, आमचा तिथे गाळा आहे, आजोबांपासून.

आधी भाजीबाजार भरायचा तो शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावर. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याबद्दल बोलताय त्याच्या उत्तरेच्या टोकाला बाजार होता, तो उचलून इकडे शुक्रवारात आणला. नवीन मंडई १८८६ मधे सुरू झाली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते, म्हणून नाव रे मार्केट. मधे अष्टकोनी उंच मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना पसरलेले हात, काळा दगड, टोकदार कमानी. भाजीवाल्यांना उघड्यावरून छपराखाली आणलं म्हणून सगळे खूष झाले असं नाही, गाळ्याचं भाडं आलं, जुनी जागा गेली, तेव्हा विरोध झाला होता.

आणि महात्मा फुले यांचंही म्हणणं होतं की एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर घाला. नगरपालिकेत सभासद होते ते १८७६ ते १८८२. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांनी याच मंडईला फुल्यांचं नाव द्यायचा आग्रह धरला आणि ते झालं. माझे आजोबा सांगायचे की नाव दिलं ते बरोबरच दिलं, फुल्यांचा स्वतःचा धंदा फुलांचा आणि माळव्याचा, पुण्यातल्या माळी-बागवानांना या इमारतीवर आपल्या माणसाचं नाव बघायला मिळालं. मला तरी पाटीखालून जाताना आजही तेच वाटतं.

आत एकदा पहाटे पाचला या. मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा, उन्हाळ्यातसुद्धा खाली गार असतं कारण गरम हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाते. दीडशे वर्षं होत आली, पंखा लागत नाही मधल्या भागात. आणि जवळच टिळकांचा पुतळा आहे तो १९२४ चा, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला.

पेठेतली_लेक

मंडईदादा, मनोऱ्याखाली उभं राहायचं हे माहीत नव्हतं, इतक्या वेळा आईबरोबर आलेय पिशवी धरून. येते पहाटे एकदा.

आप्पा बळवंत चौकाचं पण लिहा ना कुणीतरी. आम्ही लहानपणी आप्पा बळवंत म्हणजे वह्या-पुस्तकांचे कुणी मोठे व्यापारी असतील असंच समजायचो.

उच्छ्वास

आप्पा बळवंत म्हणजे मेहेंदळे, सरदार. वडील बळवंतराव मेहेंदळे पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात पडले. त्यांचा वाडा या चौकात होता. सांगतात ती गोष्ट अशी की सवाई माधवराव हत्तीवरून परत येत असताना अंबारीत त्यांना घेरी आली, आप्पा मागे बसले होते, त्यांनी धरलं म्हणून वाचले, आणि ते याच जागी घडलं म्हणून चौकाला नाव. ही ऐकीव गोष्ट आहे, पण वाडा इथे होता एवढ्यावरूनही नाव पडायला हरकत नाही. पुस्तकांचा बाजार नंतरचा, आजूबाजूला शाळा आल्यावर वाढलेला. नूतन मराठी विद्यालय १८८३ चं, ते याच रस्त्यावर. एक शाळा, शेजारी पुस्तकं, त्यामागे छापखाने, त्यांच्यासाठी कागदवाले, असं करत हा भाग अक्षरांचा झाला. सरदारांच्या वाड्यांच्या तळमजल्यावर छापखाने बसले, खिळे जुळवणारे कंपॉझिटर देवडीत बसायचे. ते आवाज मी स्वतः ऐकलेत.

तिसरी_गल्ली

माझी एक विनंती आहे सगळ्यांना, वाडा नाही म्हणजे जुनं नाही असं धरून चालू नका. याच रस्त्यावर १९३०-४० मधल्या सिमेंट काँक्रीटच्या पहिल्या पिढीच्या इमारती आहेत आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नाही. कोपऱ्यावरची गॅलरी गोल वळवलेली, कठड्यावर तीन आडव्या पट्ट्या, जिन्याच्या खिडकीला उभी लांबट जाळी, माथ्यावर उगवत्या सूर्याचे किरण किंवा ओम, आणि त्याखाली सिमेंटमधे उठवलेलं नाव आणि साल. अक्षरं इतकी सुबक की हाताने कोरलेली वाटतात. आप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात टॉकीज १९३४ चं, किब्यांच्या जागेत. तो काळच असा होता की रस्ते रुंद होत होते, वाड्यांचे पुढचे भाग जात होते आणि त्या नव्या रेषेवर या इमारती उभ्या राहिल्या. रस्त्याची आजची भिंत जी आपल्याला दिसते ती बरीचशी यांनी घडवली आहे.

कडीपाट, तुमच्या आत्या म्हणतात देवडी फुटपाथवर होती ते अगदी शक्य आहे. रस्ता रुंद करताना आधी ओटा जायचा, मग देवडी, आणि मग उघड्या पडलेल्या पहिल्या चौकालाच भिंत बांधून नवं तोंड द्यायचे. म्हणूनच काही वाड्यांत शिरलं की दारातून थेट चौकात पाय पडतो. देवडीशिवायचा वाडा दिसला की समजायचं की रस्त्याने घास घेतलाय.

नवखा_पुणेकर

काल ऑफिस सुटल्यावर मुद्दाम आलो, सात ते नऊ फिरलो, पण संध्याकाळी वर बघत चालणं अशक्य आहे, धक्के खाल्ले. तरी दोन गोष्टी दिसल्या. एका दुकानाच्या आत अगदी मागच्या भिंतीत लाकडी खांब तसाच ठेवलाय, त्यावर कपड्यांचे हँगर लावलेत, मालकांना विचारलं तर त्यांनी मला आत नेऊन तळखडा दाखवला, अभिमानाने. आणि दुसरं, एका बोळात शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीची खालची पाच-सहा फूट दगडी, वर एकदम नवी वीट. हे असं अर्धं का?

ओळंबा

बोळ नदीच्या बाजूला होता का? शनिवार पेठेकडे? तर ते बहुतेक पानशेतचं.

१२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासला धरण गेलं आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात. शनिवार, नारायण, कसब्याचा खालचा भाग. वर मी लिहिलं होतं की आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या. त्या मातीचं पाण्यात काय होतं ते त्या दिवशी पुण्याने बघितलं, पाणी ओसरल्यावरही दोन-तीन दिवस वाडे बसत होते, माती भिजून फुगली होती ना. दगडी जोतं तेवढं राहिलं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी त्याच जोत्यावर विटांचं उभं केलं, म्हणून खाली दगड वर वीट अशी रेघ दिसते. बऱ्याच घराण्यांनी तेव्हाच पेठ सोडली, सरकारने नवीन वसाहतींमधे जागा दिल्या, आणि उरलेले वाडे रिकामे पडायला सुरुवात झाली ती तिथून.

बाजीराव रोडचा दक्षिणेचा भाग उंचावर म्हणून वाचला. आजही रस्त्याने चालताना शनिवारवाड्यापासून शनिपाराकडे बारीकसा चढ पायाला कळतो. तोच चढ कात्रजच्या पाण्याला उतार होता.

मंडईवाला

आमचे वडील त्या दिवशी मंडईत होते. आमच्या इथे पाणी नाही आलं पण दुपारपासून माणसं यायला लागली ओल्या कपड्याने, हातात देव घेऊन. आमच्या गाळ्यात तीन कुटुंबं आठ दिवस झोपली.

पेठेतली_लेक

एक विचारू का. भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, दगडूशेठच्या समोरचा. १८४८ ला सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तो. तिथे आता स्मारक होतंय, व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या वाड्यातली एक तुळई, एक उंबरा तरी स्मारकात बसवावा असं फार वाटतं. मुली ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या तो. पडायच्या आधी मी शेवटचं पाहिलं तेव्हा वरच्या मजल्याचं लाकूड पार काळं पडलं होतं आणि छप्पर नव्हतं.

ओळंबा

ताई, उंबरा मिळाला असता तरी तो त्याच काळातला आहे हे सांगायला कुणीतरी आधी मोजून, चित्र काढून, नोंद करून ठेवायला हवी होती. आमच्या कामातलं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे. वाडा पडायच्या आधीच्या आठवड्यात फोन येतो की दादा येऊन बघता का.

म्हणून आपल्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी आत्ताच करा. मोठं काही लागत नाही, एक पंधरा मीटरची टेप, वही, मोबाईल. दर्शनी बाजू समोरून सरळ, तिरका फोटो नको. खांबांची संख्या, खणाचं माप, जोत्याची उंची, जिना कुठे (पुष्कळदा जाड भिंतीच्या पोटात लपवलेला असतो, विचारल्याशिवाय दिसत नाही), चौकाची लांबी-रुंदी, कौलं कुठली. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की कुठली खोली कशासाठी होती. आत जाण्याआधी परवानगी घ्या, आणि माडीवर जाताना एकेकाने जा, पाट कुजलेले असतात, पाय कडीवर ठेवायचा, दोन कड्यांच्या मधे नाही.

जमिनीखालून मेट्रोही झाली, सप्टेंबर २०२४ पासून मंडईला स्टेशन आहे. म्हणजे आता पेठेत येणारी माणसं वाढणार आणि जागेला भावही वाढणार. जे पुढच्या दहा वर्षांत जाणार आहे ते बहुतेक आज उभं आहे.

नवखा_पुणेकर

टेप मी आणतो. त्या हँगरवाल्या दुकानदारांना विचारून बघतो, ते नक्की हो म्हणतील.

तिसरी_गल्ली

मी सिमेंटमधल्या नावांची आणि सालांची यादी करायला घेतलीये, आत्तापर्यंत सतरा झाली. सगळ्यात जुनं १९२९.

कडीपाट

इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आत्या परत नागपूरला गेली, त्याआधी सकाळी तिला पुन्हा एकदा घेऊन गेलो, या वेळी वही घेऊन. हा सगळा धागा तिला रात्री वाचून दाखवला होता त्यामुळे ती तयारीत होती. आधी विश्रामबागवाड्यासमोर थांबलो. तिथल्या खांबांकडे बघून म्हणाली आमचे याहून बारीक होते पण पोट असंच. मग आमच्या जागी गेलो.

इमारतीचे वॉचमन भले गृहस्थ, त्यांनी आम्हाला पार्किंगमधे जाऊ दिलं. आत्या हळूहळू चालत मागच्या कोपऱ्यात गेली, तिथे दोन स्कूटर लावलेल्या, त्यांच्या मागे कंपाऊंडच्या भिंतीला टेकून एक चौकोनी काळा दगड पडलेला, मधे गोल खळगा. मला वाटलं, कुणीतरी कुंडी ठेवायला आणलाय. आत्या म्हणाली हा सोप्याचा तळखडा, उत्तरेकडच्या तिसऱ्या खांबाचा, कारण याच्या कडेला टवका आहे आणि तो माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, विटीदांडूच्या दांडूने उडवलेला, त्यासाठी मार खाल्ला होता.

टवका आहे. मी बोट घालून बघितलं. माप घेतलंय, तेरा इंच बाय तेरा इंच, खळगा साडेसात इंचांचा. ओळंबादादा, यावरून खांब किती जाडीचा असेल ते सांगाल का? आणि सोसायटीला विचारून तो दगड जिन्याजवळ नीट बसवता येईल का ते मी या आठवड्यात बघतो.

ओळंबा

खांबाचं कूस (खालचं निमुळतं टोक) खळग्यात बसतं, म्हणजे खालचा चौथरा नऊ-दहा इंचांचा असावा, त्यावर सुरूचं पोट. फोटो टाका, चारी बाजूंचे. आणि बसवताना खाली सिमेंट घालू नका, चुना मी देतो.